इनडोअर फाइल पूर्ण आहे का, हे तपासणारं सॉफ्टवेअर कसं बांधावं

बहुतेक रुग्णालयांत एमआरडी, म्हणजे वैद्यकीय नोंदी सांभाळणारा विभाग, दाखल (इनडोअर) रुग्णांच्या फाइलींचं ऑडिट एका एक्सेल शीटवर करतो. आडव्या ओळींत आयपी नंबर (दाखल रुग्णाचा क्रमांक), उभ्या रकान्यांत तीस-चाळीस कागदांची नावं आणि प्रत्येक चौकटीत 'हो' किंवा 'नाही'. हीच शीट वेब फॉर्ममध्ये उतरवून 'ऑडिट मॉड्यूल' म्हणून द्यायचा मोह सॉफ्टवेअर करणाऱ्याला होतो. तो टाळा. 'हो-नाही' फक्त कागद फाइलमध्ये आहे का एवढंच सांगतं. ऑडिटला हवी असलेली उत्तरं वेगळी आहेत: हा कागद या रुग्णाला लागत होता का, तो आत्तापर्यंत यायला हवा होता का, तो कोणी लिहायचा होता आणि प्रत्यक्षात कोणी, केव्हा लिहिला. पुढचं सगळं डिझाइन या चार प्रश्नांभोवती उभं करायचं.

आधी नियमांचा तक्ता

स्क्रीन काढायला बसण्याआधी मेडिकल सुपरिंटेंडंट, मेट्रन आणि एमआरडी प्रमुख यांना एका टेबलाशी बसवून नियम लिहून घ्या. प्रत्येक नियमाला ही माहिती हवी: नियमाचा कोड, कागदाचं नाव, कोणत्या घटनेमुळे तो लागू होतो, मुदत कुठून मोजायची, मुदत किती, जबाबदार कोण (कन्सल्टंट, आरएमओ म्हणजे निवासी डॉक्टर, वॉर्ड सिस्टर, भूलतज्ज्ञ), नियम अत्यावश्यक आहे की साधा, आणि तो कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत अमलात आहे.

शेवटचे दोन रकाने नेमके विसरले जातात. एखादं धोरण जुलैत बदललं आणि नियम जागच्या जागी दुरुस्त केला, तर मार्चच्या फाइली जुलैच्या नियमाने नापास होतात आणि जुने अहवाल पुन्हा काढले की आकडे वेगळे येतात. नियम कधीही दुरुस्त करायचा नाही. जुना बंद करून नवी आवृत्ती सुरू करायची आणि प्रत्येक निष्कर्षाजवळ नियमाची आवृत्ती नोंदवायची.

नियम कोडमध्ये लिहू नका, डेटाबेसमध्ये ठेवा. मुदत २४ तासांवरून १२ तास करायला प्रोग्रामर बोलवावा लागला, तर तो बदल कधी होतच नाही.

एक फाइल जवळून

हर्नियाचा रुग्ण सोमवारी २२:४० ला दाखल झाला. मंगळवारी ११:१५ ला शस्त्रक्रिया, गुरुवारी डिस्चार्ज. एनएबीएच या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या मंडळाच्या मानकांनुसार इनडोअर रुग्णाची प्राथमिक तपासणी २४ तासांत किंवा प्रकृतीनुसार त्याआधी नोंदलेली हवी. सरळ हिशेबाने मुदत मंगळवारी २२:४० पर्यंत. पण शस्त्रक्रिया ११:१५ ला झाली. त्यानंतर लिहिलेल्या 'प्राथमिक' तपासणीचा रुग्णाला काही उपयोग नाही. म्हणून मुदतीचा नियम असा लिहायचा: दाखल वेळ अधिक २४ तास किंवा ओटीत (शस्त्रक्रियागृहात) नेल्याची वेळ, यांपैकी जे आधी येईल ते. मुदतीच्या रकान्यात नुसता तासांचा आकडा पुरत नाही. 'अमुक घटनेनंतर इतक्या तासांच्या आत' आणि 'अमुक घटनेच्या आधी' असे दोन्ही प्रकार मांडता आले पाहिजेत.

आता याच फाइलमधलं संमतीपत्र पाहा. शस्त्रक्रियेची संमती वेगळी, भुलीची वेगळी. दोन्हींवर रुग्णाचं नाव, सही किंवा अंगठा, साक्षीदार, समजावून सांगणाऱ्या डॉक्टरचं नाव आणि सही, तारीख आणि वेळ हवी. या फाइलमध्ये सगळं आहे, फक्त वेळ नाही. जुन्या शीटवर हे संमतीपत्र 'हो' झालं असतं. पण वेळ नसेल तर सही ओटीच्या दारात घेतली, आदल्या रात्री घेतली की नंतर घेतली, हे फाइल सांगूच शकत नाही. म्हणून नाव, सही, तारीख, वेळ यांच्या चार वेगळ्या खुणा ठेवा. त्यांची एक 'सही-शिक्का' खूण करू नका. ऑडिटरला चार टॅप करायला पाच सेकंद जास्त लागतात आणि नेमकी दुरुस्ती कशाची हवी ते कळतं.

फॉर्मची भाषाही तपासा. संमतीपत्र इंग्रजीत आणि खाली मराठीतली सही, असं दिसलं तर रुग्णाला त्याच्या भाषेत समजावल्याची नोंद आणि समजावणाऱ्याचं नाव आहे का, हा वेगळा मुद्दा ठेवा. अंगठा असेल तर साक्षीदार सक्तीचा.

तिसरी गोष्ट: संमतीपत्रावर दुर्बिणीची शस्त्रक्रिया लिहिली आहे आणि ओटी नोटमध्ये पोट उघडून केल्याची नोंद आहे. एका प्रक्रियेची संमती दुसऱ्या प्रक्रियेला आपोआप लागू होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये संमतीबाबतच्या एका महत्त्वाच्या निकालात स्पष्ट केलं आहे. जीव वाचवण्यासाठी तातडीने करावं लागलं, तर तो अपवाद. सॉफ्टवेअरने इथे स्वतः न्यायनिवाडा करू नये. दोन्ही नावं शेजारी-शेजारी दाखवावीत आणि 'जुळतात', 'जुळत नाहीत', 'गरज पडल्यास बदलाची संमती घेतली होती' असे पर्याय ऑडिटरसमोर ठेवावेत. शब्द जुळवून यंत्राने निकाल द्यायला गेलं, तर 'लॅप हर्निया' आणि 'लॅपरोस्कोपिक हर्निओप्लास्टी' रोज नापास होतील, आणि खरी तफावत त्या गर्दीत बुडेल.

पाच उत्तरं, आणि 'लागू नाही' कोण म्हणणार

प्रत्येक नियमाचा निकाल पाचपैकी एक असावा: आहे, अपूर्ण, नाही, लागू नाही, मुदत बाकी. शेवटचा पर्याय चालू फाइलींसाठी. वॉर्डात असलेल्या रुग्णाची डिस्चार्ज समरी 'नाही' दाखवली, तर सिस्टर दुसऱ्या दिवसापासून त्या स्क्रीनकडे बघणं सोडतील.

'लागू नाही' हे उत्तर ऑडिटरने द्यायचं नाही, नियमाने द्यायचं. माणसाच्या हाती ही चौकट दिली की न सापडलेला प्रत्येक कागद हळूहळू 'लागू नाही' होतो. ऑडिटरला नियमाचा निर्णय बदलायचा असेल तर कारण लिहिणं सक्तीचं करा, आणि असे बदल महिन्याला वेगळ्या यादीत काढा. एकाच नियमावर पुन्हा पुन्हा बदल होत असेल, तर बहुधा नियमच चुकीचा लिहिला आहे.

नियम लागू आहे हे सॉफ्टवेअरला कळणार कुठून? रक्त चढवलं असेल तर रक्तासाठीची संमती आणि चढवतानाच्या निरीक्षणांचा कागद लागतो. पण रक्त चढवलं हेच फाइलमधून गायब असेल, तर नियम 'लागू नाही' म्हणेल आणि फाइल शंभर टक्के पास होईल. सगळ्यात वाईट फाइल सगळ्यात चांगली दिसण्याचा हा धोका या सॉफ्टवेअरच्या मुळाशी आहे. त्यामुळे घटनेचा पुरावा फाइलच्या बाहेरून आणायचा: रक्तपेढीचं इश्यू रजिस्टर, ओटी रजिस्टर, आयसीयूची बेड-नोंद, फार्मसीचा इश्यू आणि बिलिंग. बिलिंग यात सर्वांत भरवशाचं, कारण बॅगेचे किंवा व्हेंटिलेटरचे पैसे लावायला सहसा कोणी विसरत नाही. अपवाद पॅकेजच्या केसचा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या किंवा इतर कोणत्या पॅकेजमध्ये बाबनिहाय बिल नसेल, तिथे बिलिंगवर विसंबू नका, रजिस्टरच धरा.

दोन स्रोत एकमेकांशी जुळत नसतील तर ती स्वतंत्र त्रुटी म्हणून नोंदवा. बिलात दोन बॅगा आणि फाइलमध्ये एकाच बॅगेचा कागद, ही विसंगती कोणत्याही टक्केवारीपेक्षा जास्त सांगते.

भरलेलं, पण रिकामं

इलेक्ट्रॉनिक रेकॉर्डमध्ये सक्तीच्या रकान्यात '.', '-', 'एनएडी' (काही दोष आढळला नाही) टाकून पुढे जाण्याची सवय सगळीकडे आहे. अशा नोंदींची यादी करा आणि त्यांना रिकामं समजा. 'एनएडी'ला मात्र काही ठिकाणी अर्थ असतो. छातीच्या तपासणीत तो चालतो, 'सध्याची औषधं' या रकान्यात चालत नाही. म्हणून यादी रकान्यानुसार ठेवा.

ॲलर्जीच्या रकान्याला तीन उत्तरं हवीत: आहे, माहितीत नाही, विचारलं नाही. कोऱ्या जागेचा अर्थ 'ॲलर्जी नाही' असा लावणारं सॉफ्टवेअर धोकादायक आहे.

तीन दिवसांच्या प्रगती-नोंदी अक्षरशः सारख्या असतील, किंवा टीपीआर (ताप-नाडी-श्वास) चार्टवर दोन दिवस दर चार तासांनी नाडी ७२ च असेल, तर खूण करा, पण नापास करू नका. कधी रुग्ण खरोखरच स्थिर असतो. ही खूण माणसाने बघायच्या रांगेत जाते.

वेळेचे घोळ

प्रत्येक नोंदीच्या दोन वेळा साठवा: घटना घडल्याची वेळ आणि नोंद केल्याची वेळ. दोन्ही एकाच रकान्यात ठेवल्या की उशीर मोजताच येत नाही. कागदी फाइलीत दुसरी वेळ मिळत नाही, तिथे ती कोरी सोडा, अंदाजाने भरू नका.

वेळ २४ तासांच्या पद्धतीनेच घ्या. 'रात्री १२' म्हणजे कोणत्या तारखेचे १२, हा वाद रात्रपाळीच्या प्रत्येक फाइलीत उगवतो. ००:०० ही वेळ संशयास्पद समजा, कारण बरीच सॉफ्टवेअरं वेळ रिकामी असली की तीच भरतात. तारखेचा क्रम दिवस-महिना-वर्ष असा बांधून टाका. ०५/०६ दोन्हीकडून वैध दिसते आणि मुदत महिन्याने चुकते. ओटी, आयसीयू आणि लॅबचे संगणक एकाच वेळ-सर्व्हरला जोडलेले नसतील तर आधी ते करून घ्या, नाहीतर भूल देऊन झाल्यावर भूलपूर्व तपासणी झाल्याचं दिसेल.

माहिती आणायची कशी

एचआयएस (रुग्णालयाचं मुख्य सॉफ्टवेअर) जर एचएल७ (आरोग्य-सॉफ्टवेअरांमधल्या देवाणघेवाणीचं मानक) संदेश देत असेल तर दाखल (ए०१), बदली (ए०२) आणि डिस्चार्ज (ए०३) एवढ्यावर थांबू नका. रद्द झालेलं दाखल (ए११) आणि रद्द झालेला डिस्चार्ज (ए१३) हाताळले नाहीत, तर कधी दाखलच न झालेल्या रुग्णांच्या नावावर चाळीस-चाळीस त्रुटी जमतात. आयुष्मान भारत डिजिटल मिशनशी जोडलेली प्रणाली असेल तर फायर आर४ या आरोग्य-माहितीच्या मानकाच्या साच्यात काही दस्तऐवज मिळतील. लहान रुग्णालयात मात्र बहुधा रोज रात्रीची सीएसव्ही (साध्या मजकुरातल्या तक्त्याची) फाइल मिळते, आणि तेवढी पुरते. ती एक्सेलमध्ये उघडून पुन्हा जतन केली की यूएचआयडीच्या (रुग्णाच्या कायम नोंदणी क्रमांकाच्या) सुरुवातीची शून्यं उडतात. यूएचआयडी नेहमी मजकूर म्हणून वाचा, आणि आकड्यांची संख्या कमी भरली तर आयात थांबवा. एचआयएसच्या डेटाबेसला फक्त वाचण्याचा अधिकार घ्या.

ओळख पटवताना बाळंतिणीच्या फाइलीकडे विशेष लक्ष हवं. बाळाला स्वतःचा नंबर असतो, पण त्याचे कागद आईच्या फाइलीत लावलेले असतात. आई-बाळाची जोडी डेटामध्ये नसेल तर बाळाची फाइल कोरी दिसते. डायलिसिस आणि केमोच्या डे-केअर रुग्णांना वेगळा नियमसंच द्या.

डामा (डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज) घेऊन गेलेल्या रुग्णाच्या फाइलीत सही केलेला डामा फॉर्म आणि समरी दोन्ही हवेत. मृत्यूच्या फाइलीत मृत्यू-समरी, आणि जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ खालच्या मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्राची, म्हणजे नमुना ४ ची नोंद हवी. एमएलसी (पोलिसांना कळवावी लागणारी केस) असेल तर पोलिसांना कळवल्याची प्रत.

फाइली निवडणं

मृत्यू, एमएलसी आणि डामा यांच्या सगळ्या फाइली तपासा. उरलेल्यांतून यादृच्छिक नमुना घ्या. महिन्याला ५७६ साधे डिस्चार्ज असतील आणि टक्केवारीत दहाच्या आतबाहेर चूक चालत असेल, तर ९५ टक्के खात्रीसाठी ८३ फाइली पुरतात. पाचच्या आतबाहेर हवी असेल तर २३१ लागतात. दोन ऑडिटर असलेल्या एमआरडीने महिन्याला ८३ घ्याव्यात आणि तिमाहीचा आकडा एकत्र बघावा. मृत्यूच्या फाइली यात मिसळून एकच टक्केवारी काढू नका, कारण त्या शंभर टक्के घेतल्या आहेत आणि बाकीच्या सातांत एक.

निवड सॉफ्टवेअरनेच करावी आणि ज्या बीज-आकड्यावरून (यादृच्छिक निवड ज्यापासून सुरू होते तो आकडा) केली तो साठवावा, म्हणजे तीच यादी पुन्हा काढून दाखवता येते. वॉर्डाने फाइली काढून द्यायच्या नाहीत. निवडलेली फाइल सापडली नाही तर तिच्या जागी दुसरी घेण्याचं बटण ठेवूच नका. 'फाइल मिळाली नाही' हा निकाल आहे, आणि त्या फाइलीचे सगळे लागू नियम 'नाही' धरायचे.

टक्केवारी

भाजक चुकला की सगळं चुकतं. ६० फाइली तपासल्या, त्यांत १८ शस्त्रक्रियेच्या, आणि त्यांपैकी १७ मध्ये संमतीपत्र पूर्ण आहे. उत्तर १७ भागिले १८, म्हणजे ९४.४ टक्के. 'लागू नाही'ला 'हो' मोजलं तर ५९ भागिले ६०, म्हणजे ९८.३. एवढ्या फरकाने खरी अडचण अहवालातून नाहीशी होते.

दुसरा सापळा फाइलच्या सरासरीचा. ४० लागू नियमांपैकी ३८ पूर्ण असलेली फाइल ९५ टक्के भरते, मग त्या दोन त्रुटींत शस्त्रक्रियेची संमती असो की डाएट चार्ट. म्हणून अत्यावश्यक नियम सरासरीत घालू नका. 'एकही अत्यावश्यक त्रुटी नसलेल्या फाइली किती' हा स्वतंत्र आकडा काढा आणि अहवालात तो सर्वांत वर ठेवा. त्याखाली नियमवार टक्केवारी. डॉक्टरांच्या नावांची क्रमवारी काढू नका. जास्त आजारी रुग्ण घेणाऱ्यांच्या फाइलींना जास्त नियम लागू होतात, त्यामुळे तुलना अन्यायाची होते.

ऑडिटर एकसारखं बघतात का, तेही मोजा. दर तिमाहीला काही फाइली दोघांना एकमेकांचं न बघता द्या. समजा १०० नोंदींपैकी ८५ ला दोघं 'आहे' म्हणाले, ५ ला दोघं 'नाही', आणि उरलेल्या १० मध्ये पाच-पाच उलटसुलट. ९० टक्के एकमत ऐकायला छान आहे, पण योगायोगाने होणारं एकमतच इथे ८२ टक्के आहे. कोहेनचा कॅप्पा (योगायोग वगळून मोजलेलं एकमत) फक्त ०.४४ येतो. असं झालं की नियमाची व्याख्या तपासा. 'अपूर्ण' कशाला म्हणायचं याचे दोन नमुने नियमाशेजारी स्क्रीनवर दिले की मतभेद पुष्कळ कमी होतात.

त्रुटी बंद होते तेव्हा

सॉफ्टवेअरने त्रुटी दाखवली की ती बंद करण्याचा दबाव येतो, आणि इथेच असं सॉफ्टवेअर रुग्णाचं नुकसान करू शकतं. डिस्चार्जनंतर चौथ्या दिवशी कोणी मागील तारखेने भूलपूर्व तपासणी लिहिली, तर फाइल 'पूर्ण' होते आणि खोटी होते. म्हणून 'बंद' या एकाच स्थितीऐवजी तीन ठेवा: कागद सापडला, उशिराची नोंद केली, दुरुस्त होऊ शकत नाही. उशिराची नोंद म्हणजे आजची तारीख-वेळ घालून, 'उशिराची नोंद' असं लिहून, आपल्या नावाने केलेली. ती महिन्याच्या टक्केवारीत 'आहे' धरायची नाही. मूळ निकाल तसाच राहतो. संमतीपत्र, भूलपूर्व तपासणी, ओटीची सेफ्टी चेकलिस्ट यांना उशिराच्या नोंदीचा पर्यायच देऊ नका. त्यांची वेळ गेली की गेली. ज्या टक्केवारीत भर घालता येत नाही, तिच्यासाठी खोटं लिहायचं कारण उरत नाही.

त्याच कारणासाठी चालू फाइलींचं ऑडिट डिस्चार्ज झालेल्यांइतकंच मनापासून करा. एनएबीएचलाही दोन्ही प्रकारच्या फाइली अपेक्षित आहेत. सकाळच्या राउंडआधी वॉर्डाला मिळणाऱ्या यादीत फक्त येत्या सहा तासांत मुदत संपणाऱ्या गोष्टी द्या, जास्तीत जास्त दहा. लांबलचक यादी कोणी वाचत नाही.

कमीत कमी माहिती

संमतीपत्र आहे का हे सांगायला त्यातला आजार साठवायची गरज नाही. निकाल, वेळ, भूमिका आणि आयपी नंबर एवढंच ठेवा. नाव लागेल तेव्हा एचआयएसमधून दाखवा. एचआयव्ही, गर्भपात आणि मानसिक आजाराच्या फाइली ठरावीक ऑडिटरलाच उघडाव्यात. अहवालात पाचपेक्षा कमी फाइलींचा गट दाखवू नका, माणूस ओळखू येतो. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ च्या कक्षेत रुग्णालयही येतं, आणि ऑडिटचा डेटाबेस त्यातून सुटत नाही. कोणी कोणती फाइल केव्हा पाहिली, याची नोंद खोडता न येणारी हवी. निकाल बदलला तर जुनी ओळ राहते, नवी खाली येते.

चाचणी आणि सुरुवात

प्रत्येक नियमासाठी निदान पाच बनावट रुग्ण तयार करा: पास होणारा, नापास होणारा, लागू नसलेला, मुदत बाकी असलेला आणि नेमका सीमेवरचा. बरोबर २४:०० तासांनी केलेली नोंद वेळेत धरायची की उशिरा, हे समितीने ठरवून लिहून द्यावं. शिवाय मध्यरात्री दाखल, वॉर्डातून आयसीयूत बदली, रद्द डिस्चार्ज, जुळी बाळं आणि दाखल झाल्यावर तासाभरात मृत्यू, एवढे तरी रुग्ण संचात हवेत. नियम बदलला की सगळा संच पुन्हा चालवा.

सुरुवात एका सर्जिकल आणि एका मेडिकल वॉर्डात, बारा ते पंधरा नियमांनी करा. महिनाभर जुनी शीट आणि सॉफ्टवेअर समांतर चालवा. सॉफ्टवेअरची टक्केवारी शीटपेक्षा खाली येईल. व्यवस्थापनाला हे पहिला अहवाल देण्याआधी सांगा आणि फरकातल्या दहा फाइली टेबलावर उघडून दाखवा. नाहीतर पहिल्याच बैठकीत नियम सैल करण्याची सूचना येते.

साठवणीचा काळ ठरवताना २००२ च्या वैद्यकीय आचारसंहिता नियमांतली तीन वर्षांची मुदत ही किमान समजा. तीच संहिता रुग्णाने मागणी केल्यास ७२ तासांत रेकॉर्ड द्यायला सांगते. म्हणून फाइल मागणीची तारीख-वेळ आणि दिल्याची तारीख-वेळ हाही एक नियम पहिल्या पंधरांत घ्या. मागणीचा अर्ज स्वागतकक्षात येतो आणि फाइल एमआरडीत असते. घड्याळ अर्ज हाती आल्यापासून सुरू करा, एमआरडीत पोचल्यापासून नाही.